नीरेकाठी कामाला येतेयस तर

छबू,

अकलूजला बदली होऊन आलीस आणि भांडीकुंडी लागायच्या आत विचारलंस, "अक्का, तुमच्याबरोबर रविवारी नदीवर येऊ का?" ये ना! तुझीच वाट बघत होते असं समज. पण त्याच फोनवर पुढं म्हणालीस, "येत्या पावसाळ्यात सगळा काठ झाडांनी भरून टाकू." त्या वाक्यासाठी हे एवढं लिहिते आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस. लिहिलेलं शांतपणे वाचशील.

शाळेतलं तुझं पक्षी सप्ताहाचं भाषण छान झालं म्हणे. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालीम अलींचा, आणि या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, हे तू मुलांना सांगितलंस. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले, हेही सांगितलंस. असं बोलून आलं की मन भरून येतं आणि वाटतं, उद्याच्या उद्या काहीतरी करावं. आपल्याकडं 'काहीतरी करावं' म्हटलं की पहिलं रोपच डोळ्यासमोर येतं. खड्डा, रोप, पाण्याचा तांब्या, फोटो. मला रोपाचा राग नाही गं. पण जागा जपायच्या कामात लागवड फार उशिरा येते, आणि कित्येक जागी येतच नाही. त्याआधी उपटायचं असतं, ओढायचं असतं, मोजायचं असतं, लोकांशी बोलायचं असतं. आणि महिनेच्या महिने हात मागं बांधून नुसतं बघायचं असतं.

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. नान्नजचा माळ तू कॉलेजात असताना पाहिलास. तिथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मालढोक असल्याचं जगाला कळलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. मालढोक माळावरचा पक्षी. त्याला चारी दिशांना लांबवर दिसावं लागतं, मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. आणि आपण काय केलं? माळ ओसाड दिसतो म्हणून ठिकठिकाणी गिरिपुष्प, सुबाभूळ लावली. चांगल्या मनानं लावली. पण माळाला झाड नको होतं, त्याला गवत पुरेसं होतं. पवन्या, मारवेल, कुसळी, मधे एखादी बोर, एखादा हिवर, तेवढंच. मालढोक कमी झाला त्याला शेती पसरली, कालवे आले, विजेच्या तारा आल्या अशी बरीच कारणं आहेत, सगळा दोष झाडांवर टाकणार नाही. पण लावलेली झाडं पुढं काढायची वेळ येते तेव्हा लावणाऱ्याचाच जीव तुटतो. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगते.

नवी सून सासरी आल्या दिवशीच स्वयंपाकघराची मांडणी बदलत नाही ना? कुठला डबा कुठं आणि का ठेवलाय हे वर्षभर बघते, मग हळूच एखादा हलवते. तुझ्या वाट्याला काठाचा जो तुकडा येईल त्याच्याशी तसं वाग. जूनमध्ये पाणी कुठवर चढतं, मार्चमध्ये कुठवर उतरतं, कुठला बांध कोरडा राहतो, कुठं सुगरणी घरटी बांधतात, धनगर मेंढरं कुठून पाण्यावर आणतात, बायका सरपणाला कुठं येतात. एक वही कर. एकाच दगडावर उभं राहून दर महिन्याला त्याच दिशेचा एक फोटो काढ. ही वही पुढं तुला कुठल्याही साहेबासमोर, कुठल्याही सभेत उपयोगी पडेल. "मला वाटतं" म्हणणारीचं कुणी ऐकत नाही, "मागच्या तीन उन्हाळ्यांत असं दिसलं" म्हणणारीचं ऐकतात.

आता नदीचं सांगते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बंधाऱ्यांचे ढापे टाकतात आणि नीरेचं पाणी थबकतं. थबकलं की वरून आलेली जलपर्णी बंधाऱ्याशी येऊन साठते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, फूल सुंदर म्हणून इंग्रजांच्या काळात इथं आणली. फूल खरोखर सुंदर आहे, जांभळं, मधल्या पाकळीवर पिवळा टिळा. पण अनुकूल हवेत दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, आणि तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. एकदा पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासा तळमळतो. तिला खाऊ कोण घालतं, तर आपणच. गावागावांचं सांडपाणी आणि उसाच्या फडातून वाहून येणारं खत. म्हणून कुणी म्हणालं की जलपर्णी काढली म्हणजे नदी सुधारली, तर मान डोलावू नकोस. आपण काढतो, कारण काढली नाही तर या वर्षीचे मासे आणि पाखरं मरतील. सांडपाण्यासाठी नगरपरिषदेच्या मागं लागायचं काम वेगळं आहे, आणि तेही आपणच करायचं आहे.

काढायची कशी, ते नीट वाच. गळ बांधलेली दोरी फेकायची, चार जणींनी मिळून ओढायचं. काठाला आली की नवखी बाई घाईनं उचलते आणि ढिगावर फेकते. तसं करू नकोस. एक झाड हातात घेऊन उलटं कर. देठ फुगीर, आत स्पंजासारखा भुसभुशीत, म्हणून ते तरंगतं. खाली काळपट जांभळी मुळं, केसांच्या झुबक्यासारखी. त्या मुळांत बोटं घाल. बारकी शंखं लागतील, चतुराची अळी असेल, नखाएवढी मासळी वळवळेल, एखादी कोळंबी सुद्धा. मुळं पाण्यातच दोन-तीनदा झटकायची, मग बाहेर घ्यायची. ढीग पहिल्या रात्री पाण्याच्या अगदी कडेला ठेवायचा, म्हणजे राहिलेले जीव आपोआप पाण्यात परततात. मग तो उंचावर, पुराची रेघ जिथं पोचत नाही तिथं न्यायचा. न्यायचाच, कंटाळा करायचा नाही, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं परत नदीत. वाळल्यावर ढीग एवढासा होतो, कारण नव्वद टक्क्यांच्या वर त्यात पाणीच असतं. शेण मिसळून कुजवलं की खत होतं. शक्यतो फुलं येण्याआधीचा थर आधी ओढायचा, बी पडायच्या आत.

पण पाणकणीस मात्र उपटायला धावू नकोस. उंच, तपकिरी कणसाचं. लोकांना ते आणि जलपर्णी एकच 'घाण' वाटते. पाणकणसात पाणकोंबड्या, जांभळ्या पाणकोंबड्या राहतात, सुगरणी त्यावर झुलतात. फार माजलं आणि उघडं पाणीच उरलं नाही तरच एका बाजूचा पट्टा कापायचा, बाकीचा ठेवायचा. पुढच्या वर्षी दुसरी बाजू.

आणि चिखल! चिखलाला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा तो पातळ चिखल म्हणजे तुतवारांचं, शेकाट्यांचं ताट असतं. उजनीवर रोहित पक्षी येतात ते तरी कशासाठी? भीमेवरचं ते धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, यशवंतसागर भरला, आणि दर उन्हाळ्यात त्याचं पाणी मागं सरकलं की भिगवण-कुंभारगावापासून करमाळ्याच्या बाजूपर्यंत उथळ कडा उघड्या पडतात. त्या कडांसाठी रोहित येतात. उद्या कुणी काठ सुशोभित करायचा, दगडी पिचिंग करायचं, फिरायला रस्ता करायचा म्हणालं, तर हात जोडून सांग की घाटाजवळ करा, किल्ल्यासमोर करा, पण चिखलाचा हा एवढा पट्टा तसाच राहू द्या.

झाडांबद्दल मी नकोच म्हणते असं समजू नकोस. झाड कुठलं आणि कुठं, एवढंच. इंदापूर तालुक्यात भादलवाडीचा तलाव आहे, इंग्रजांच्या काळातला. त्यात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांचं सारंगागार भरतं. उन्हाळ्यात बघायला जाऊ, पिलं असतात घरट्यांत, लांबूनच कलकलाट ऐकू येतो. त्या बाभळी काटेरी, वेड्यावाकड्या, लागवडीच्या कुठल्याही यादीत कुणी पहिल्या नंबरला घेणार नाही अशा. पण भोवती पाणी असतं म्हणून कुत्रं-मांजर पोचत नाही, आणि काट्यांमुळं माणूसही. तलाव आटला की हा पहारा उठतो आणि पक्षी जागा सोडतात. शिवाय वर्षानुवर्षं विष्ठा पडून ही झाडं जळत जातात. म्हणजे तिथं राखण करायची तर आज उभ्या असलेल्या बाभळीची, आणि तलाव कोरडा असतानाच तिच्या शेजारी पुढच्या पिढीची बाभूळ रुजवायची. देशी बाभूळ बरं का, वेडी नव्हे. इंदापुरातच तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवरही चित्रबलाक घरटी करतात. खाली माणसांची वर्दळ, वर पाखरांचा संसार. कुणी "घाण करतात" म्हणून फांद्या छाटायला निघालं तर त्याला समजावणं हेही आपलंच काम, आणि कुदळ मारण्यापेक्षा अवघड.

नदीकाठाला लावायचंच तर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निरगुडी. बी इथल्याच झाडाचं गोळा करायचं. गुलमोहर, रेन ट्री, सप्तपर्णीची रोपं कुणी फुकट दिली तरी त्यांना रस्त्याच्या कडेला नाहीतर शाळेच्या पटांगणात जागा शोध. फुकट मिळालं म्हणून काठावर नाही.

माळशिरसच्या पश्चिमेला जिथं कालव्याचं पाणी पोचत नाही, तिथल्या वनखात्याच्या तुकड्यावर आपण हिवाळ्यात जातो. तिथलं मुख्य काम घाणेरी आणि वेडी बाभूळ. या कामात माझा जीव फार रमतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाणेरी नुसती कोयत्यानं छाटली की ती दुपटीनं फुटते. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं असंच छाटत बसतात. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबूंनी एक साधी रीत घालून दिली, ती आपण वापरतो. फांद्या बाजूला धरून बुंध्यापाशी बसायचं. जिथं खोड संपून मूळ सुरू होतं तो सांधा मातीखाली दोन-तीन बोटं असतो, तिथूनच नवे फुटवे येतात. भोवतीची माती टिकावानं मोकळी करायची आणि त्या सांध्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचं. मग सगळं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडं. तसंच वाळू द्यायचं. जमिनीला खोड टेकलं तर ते पुन्हा रुजू बघतं. बारीक मुळं राहिली तरी चालतात, त्यांना फुटवा येत नाही. माती कमीत कमी उकरली जाते, म्हणून घाणेरीचं निजलेलं बीही फारसं जागं होत नाही. पण पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात त्याच जागी जाऊन रोपं हातानं उपटावी लागतात. त्यातही मोठ्या झाडाखाली आधी बघायचं, कारण पाखरं फळं खाऊन त्या फांद्यांवर बसतात आणि बी खाली टाकतात. मोकळ्या झालेल्या जागी गवताचं बी टाकायचं, नाहीतर तिथं गाजर गवत येऊन बसतं.

वेडी बाभूळ जास्त हट्टी. ती वीतभर खालून बुडखा काढल्याशिवाय मरत नाही, त्यामुळं पाऊस संपून जमिनीत ओल असते तोवरच तिला हात घालायचा. शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात आणि लेंड्यांतून बी पसरतं. पण हेही ध्यानात ठेव, त्याच वेड्या बाभळीवर कित्येक घरांच्या चुली पेटतात, कोळसा पाडणारे पोट भरतात, आणि जिथं दुसरं काहीच उरलं नाही तिथं खोकड, ससा तिच्याच जाळीत लपतो. म्हणून एका दमात सगळं साफ करत नाही. एक पट्टा काढायचा, तिथं बोर, हेंकळ, तरवड, नेपती उठू द्यायची, मग पुढचा पट्टा. काढलेलं लाकूड सरपणाला येणाऱ्या बायकांनाच द्यायचं. आपण आलो आणि त्यांचं सरपण गेलं, असं झालं तर त्या आपल्याला कधी आपलं म्हणणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

माणसांविषयी तुला एक गोष्ट सांगायचीच आहे. भरतपूरच्या पाणथळीचं नाव तू ऐकलं असशील. तिथं १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून म्हशींची चराई एकदम बंद केली. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि पुढं झालं काय, तर म्हशी खात होत्या ते पाण्यातलं गवत असं माजलं की उघडं पाणीच भरत चाललं, बदकांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मोजमाप करून सांगितलं की म्हशींची चराई त्या पाणथळीला उपकारकच होती. छबू, आपल्या तालुक्यात धनगर किती, मेंढरं किती, खिल्लार किती! माळावर जाऊन एखाद्या म्हाताऱ्या मेंढक्याला "इथं चारू नका" म्हणण्याआधी त्याच्याशेजारी बस. कुठल्या महिन्यात कुठलं गवत, कुठं लांडगा दिसतो, कुठं पूर्वी पाणी असायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. गवत फुलून बी पडेपर्यंत अमुक तुकडा मोकळा ठेवा, एवढीच विनंती करायची. बहुतेकदा ऐकतात. त्यांच्याही जनावरांसाठीच आहे ते.

आणि विदर्भातल्या त्या बायकांचं काम! गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका, म्हणजे चितमपल्लींचं नवेगाव बांध जिथं आहे तोच. तिथं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत आणि त्यावर जगणारा ढीवर समाज. तलावांत बेशरम माजली, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, त्यांच्याबरोबर देशी मासे गेले, पाखरं गेली. मग मनीष राजनकर, जांभळीचे पतिराम तुमसरे, शालू कोल्हे आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या ढीवर बायका कामाला लागल्या. आधी कुठल्या तलावात कुठली वनस्पती, कुठला मासा ती खातो, कुठला तिच्यात अंडी घालतो, हे जुन्या जाणत्यांकडून टिपून घेतलं. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, तलावाचा तळ नांगरला, आणि पाऊस पडल्यावर चांगल्या तलावांतून पाणवनस्पती आणून हातानं लावल्या. हीसुद्धा लागवडच, बघ. पण रोप पाण्याखालचं, फोटोत न दिसणारं. मासे परतले, पाखरंही परतली. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांनीच ते केलं, म्हणून ते टिकलं असं मला मनापासून वाटतं. आपल्या ओढ्यांवरची बेशरम काढताना त्यांचा धडा पाळ. तोडलेल्या कांड्या ओल्या जागी टाकायच्या नाहीत, प्रत्येक कांडी रुजते. आणि चीक डोळ्यांना लागू देऊ नको.

हात कधी लावायचा नाही, तेही लिहून ठेव. उन्हाळा लागला की माळावर टिटवी, चंडोल, पखुर्डी, धाविक उघड्यावर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तेव्हापासून पाऊस स्थिरावेपर्यंत माळावर आपलं काम बंद. त्या दिवसांत १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, जाळरेषांवरचा पालापाचोळा काढायला वनरक्षकांना हात लागतात, तिथं जायचं. पावसाळ्यात बाभळीवर सुगरणी असतात, तेव्हा फांदी तोडायची नाही. हिवाळ्यात पाण्यावर लांबून आलेली बदकं असतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांना खाऊ द्यावं, आपण ऊन चढल्यावर उतरावं, तेही एका टोकाला. आषाढात तुकोबांच्या पालखीचं नीरास्नान सराटीला होतं, मग पालखी अकलूजला येते. ती पुढं गेली की दोन दिवस फक्त पत्रावळ्या, प्लास्टिक, बाटल्या. या कामाला कुणीही येतं, शाळेची मुलंसुद्धा चालतील, आणि वारकरी माउलींना आधीच कापडी पिशव्या वाटल्या तर मागचं काम निम्मं होतं. फाटकी नायलॉनची जाळी दिसेल तेव्हा उचलायची, त्याला हंगाम नाही. पाण्यात ती दिसत नाही आणि पाणकावळा त्यात अडकून मरतो. मात्र जाळं कुणाचं चालू असेल तर हात लावायचा नाही, कोळ्याला विचारायचं.

विचारण्यावरून आठवलं. आपण जिथं काम करतो ती जागा कुणाची तरी असते. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन आणि त्यांचं लेखी उत्तर घेऊन. बंधारा, तलाव असेल तर पाटबंधारे खातं, ग्रामपंचायत, मासेमारीचा ठेका असलेली संस्था. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय काडीही हलवता येत नाही, तण असलं तरी. कागदाला वेळ लागतो, पण त्यानिमित्तानं वनरक्षक आपला होतो, आणि त्याच्याइतकी मदत कुणाची होत नाही.

आता बाईच्या जातीला सांगायच्या गोष्टी. साडी नको, ओढणी नको. तुझ्या सुहासरावांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आत सुती मोजे. गाजर गवताला उघडा हात लावायचा नाही, एकदा अंगावर उठलं की वर्षानुवर्षं छळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. हाताला जखम असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, वहीचं काम घ्यायचं. ढिगात हात घालण्याआधी काठीनं ढवळायचं. घोणस, नाग, मण्यार सगळे आपल्याकडं आहेत. कुणाला चावलाच तर चिरायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. धीर द्यायचा, तो पाय किंवा हात हलू द्यायचा नाही आणि तडक सरकारी रुग्णालयात. गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे काम सुरू करण्याआधीच ठरलेलं असतं. लघवीला कुठं जायचं हे आम्ही बायका पहिल्यांदाच ठरवून ठेवतो, त्यात लाजायचं काही नाही. कमी पाणी पिऊन उन्हात काम करू नकोस.

आणखी एक. नव्या ठिकाणी गेलं की बाईला चहा-नाश्त्याचं आणि फोटोचं काम आपोआप मिळतं. प्रेमानंच देतात. पण तू पहार उचल. पहिल्या दिवशी उचलली की मग कुणी विचारत नाही. दमलीस तर बस, दमण्यात कमीपणा नाही. पाणी आणायचं काम सगळ्यांनी पाळीपाळीनं करायचं, असा आपला नेम आहे, पुरुषांनीही.

सासूबाई म्हणतील, रविवारचा एक दिवस तोही बाहेर. त्यांना एकदा बरोबर घेऊन ये. त्यांच्या माहेरी ओढ्याला काय काय असायचं ते त्या सांगू लागतील. आमच्या आत्याबाईंनीच मला वाळुंजाचं झाड दाखवलं होतं. दाजींचं म्हणशील तर ते सुरुवातीला फक्त सोडायला यायचे, आता दोरीचं पुढचं टोक त्यांच्याच हातात असतं.

मन मोडण्याचे दिवस येतील. आज साफ केलेलं पाणी पुढच्या दिवाळीला पुन्हा हिरवं दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, काय उपयोग? तेव्हा वही उघड. दुसरं म्हणजे, हे काम असंच असतं सगळीकडं. इंग्लंडात विकन फेन नावाची पाणथळ आहे, तिथल्या नॅशनल ट्रस्टनं तिचा पहिला तुकडा १८९९ मध्ये घेतला. आजही तिथं काही वर्षांच्या फेऱ्यानं लव्हाळं कापतात, झुडपं काढतात, स्वयंसेवक येतात, कारण थांबलं तर पाणथळीचं झुडपांचं रान होतं. सव्वाशे वर्षं! तिथं कुणी विचारत नाही की अजून संपलं कसं नाही. आपल्या घरचा केर संपला का कधी?

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दरवर्षी. तेव्हा आपला तुकडा तू मोजायचास. आतापासून पाण्यावरची दहा पाखरं तरी नीट ओळखायला शीक: चक्रवाक, पट्टकदंब, थापट्या, शेकाट्या, तुतवार, कमळपक्षी, वारकरी, धोबी, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक. नाव चुकलं तर चालेल, आकडा फुगवायचा नाही.

घोडेबाजाराची गर्दी असेल तर गाडी गावातून आणू नकोस, वळसा घाल. रविवारी सातला किल्ल्यापाशी ये. बूट तुझे, हातमोजे माझ्याकडं जास्तीचे आहेत. पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, आणि एक जुनं धुवट कापड डोक्याला. भाकरी-पिठलं मी आणते, तू फक्त ठेचा आण, आईच्या हातचा तुलाच जमतो. गेल्या रविवारचा ढीग अजून कडेलाच आहे, तो वर वाहून न्यायचाय, तेव्हा घमेलं असेल तर तेही घे.

तुझी,
अक्का